सुरतेच्या फेऱ्या आणि लक्ष्मीबाई

मंडळी, परवा भाचीने फोनवर विचारले, "मावशी, काकांच्या आजारपणात तू हसायचीस कशी गं?" तिला फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहिते.

2018 मध्ये ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारहून गाडीने सुरतेला जायचे, डायलिसिस करायचे आणि रात्री परतायचे. चर्चमधली माणसे येत, प्रार्थना करीत आणि निघताना सांगत, "संकटातही आनंद करा, बाई." पौलाने फिलिप्पैकरांना आनंदाचे पत्र लिहिले ते तुरुंगातून, हे मी स्वतःच संडे स्कूलच्या मुलांना किती वर्षे शिकवले! पण दवाखान्यातल्या बाकड्यावर बसल्यावर प्रश्न पडे, आनंद करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

एकदा निघताना पिशवीत लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' टाकले. हे पडून असत, मी वाचून दाखवी.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या मनकर्णिका गोखले. त्यांनी शाळा कधी पाहिली नाही. त्यांच्या आजोबांना 1857 च्या बंडानंतर इंग्रजांनी फाशी दिले आणि त्या धक्क्याने वडिलांनी सोवळ्याचे असे काही वेड घेतले की घरात आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य तर सोडाच, मीठ आणि साखरसुद्धा! अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. माणूस कवी, उदार, लहरी. संसारात दारिद्र्य, लहान मुलांचे मृत्यू. आणि 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आम्ही ख्रिस्ती लोक ही तारीख अभिमानाने सांगतो. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहा. नवरा जिवंत असून गेल्यासारखा, पदरात लहानगा दत्तू, आणि नातेवाइकांच्या घरी दिवस काढायचे. पाच वर्षे हे चालले. टिळकांकडे नगरला (आताचे अहिल्यानगर) आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. पुढे विचार करता करता त्यांना पटले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, नवऱ्यामागे फरफटत नव्हे. म्हणजे त्यांच्यावरचे सर्वांत मोठे संकट ख्रिस्ती धर्मामुळेच आले आणि आशाही त्यांना तिथेच सापडली. हे कोणाही उपदेशकाला सहज पेलण्यासारखे नाही.

आपल्याकडे साक्ष देणारे बहुधा रडण्याचा भाग गाळतात आणि घाईघाईने विजयावर येतात. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या रडतात, रागावतात, नवऱ्याशी भांडतात आणि त्याच पानावर स्वतःची फजिती सांगून आपल्याला हसवतात. दुःख संपेपर्यंत त्यांचे हसू थांबून राहत नाही. मला तरी पौलाच्या पत्राचा अर्थ त्या बाकड्यावर थोडाफार कळला तो असा.

टिळक 9 मे 1919 ला गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले! शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने! मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले, पण एवढे धाडस माझ्याच्याने झाले नसते. 24 फेब्रुवारी 1936 ला त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' पुस्तकरूपाने 1938 मध्ये निघाले.

असो. ह्यांना पथ्याचे अळणी जेवण असे. मिठाची गोष्ट वाचली त्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. ह्यांनी डाळीचा घास घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाले, "अगं, आज स्वयंपाकाला लक्ष्मीबाईंचे वडील आले होते वाटतं. मीठ धुऊनच टाकलंय!" शेजारच्या खाटेवरच्या गुजराती आजोबांना मराठी कळत नव्हते, पण आमचे बघून तेही हसायला लागले.

त्यानंतर ह्यांना अकरा महिने मिळाले. रोज जेवायला बसले की विचारायचे, "आज धुतलंय की बिनधुतलं?"