विजेवरील दुचाकी घेताना बॅटरीची निवड कशी करावी?

आकुर्डी हे नाव एकेकाळी स्कूटरसाठी लावाव्या लागणाऱ्या नंबराशी जोडले गेले होते. बजाज ऑटोची 'चेतक' घरी येण्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हीच 'चेतक' ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या रूपात सादर झाली आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळुरू येथे तिची विक्री सुरू झाली. सुरुवातीचे उत्पादन चाकणला होत असे. जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या आवारात विजेवरील वाहनांचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. चाकणमध्येच महिंद्र अँड महिंद्रने 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेवरील मोटारींचे उत्पादन हाती घेतले. पेट्रोल आणि डिझेलच्या इंजिनांवर उभा राहिलेला हा औद्योगिक पट्टा असा बॅटरीकडे वळला आहे.

ग्राहकाचे ज्ञान मात्र त्या वेगाने बदललेले नाही. पेट्रोलच्या गाडीचे मायलेज, इंजिनाची क्षमता, क्लच प्लेटचा खर्च याविषयी निगडी-भोसरीतील कोणताही कामगार अधिकारवाणीने बोलू शकतो. बॅटरीचा विषय निघाला, की चर्चा 'एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर' या एकाच प्रश्नापाशी थांबते. वास्तविक बॅटरी हा विजेवरील दुचाकीचा सर्वांत महागडा भाग असून तिचे आयुष्य आणि तिची सुरक्षितता मुख्यत: एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे तापमान. म्हणून बॅटरी निवडताना ती उष्णता कशी सोसते आणि कशी आवरते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

२०२२ चा धडा

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ई-स्कूटरने पेट घेतल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. त्याच सुमारास तामिळनाडूतील वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या आगीत वडील आणि मुलीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबाद येथे तळमजल्याखालील ई-स्कूटरच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये पसरून आठ जणांना प्राण गमवावे लागले. वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटाने सात वर्षांच्या मुलाचा बळी घेतला.

या घटनांनंतर केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि 'एआयएस-१५६' या मानकात सुधारणा करण्यात आली. ही मानके पुण्यातील 'एआरएआय', अर्थात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात. सुधारित नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. बॅटरीत पाणी शिरू नये, सेलच्या निर्मितीची तारीख नोंदलेली असावी, आतील तापमानावर सतत लक्ष राहावे, धोका निर्माण होताच चालकाला आवाज व प्रकाशाद्वारे इशारा मिळावा आणि एका सेलमध्ये बिघाड झाल्यास त्याची झळ संपूर्ण संचाला लागू नये, हा या सुधारणांचा गाभा आहे. जुनी किंवा हातची गाडी घेणाऱ्याने ती या तारखांच्या आधीची आहे की नंतरची, हे प्रथम पाहावे.

बॅटरीच्या आत काय असते?

बाहेरून एकसंध पेटीसारखी दिसणारी बॅटरी अनेक लहान सेल जोडून तयार होते. '१८६५०' या नावाचा दंडगोल सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. लॅपटॉप, विजेरी आणि २०१९ च्या कायद्याने भारतात विक्रीस बंदी असलेल्या ई-सिगारेटमध्येही हाच सेल आढळतो. '२१७००' हा त्याचा थोडा मोठा भाऊ. आकार सारखा असला, तरी गुण सारखे नसतात. कमी विद्युतप्रवाहासाठी बनवलेला सेल स्कूटरमध्ये वापरला, तर चढावर किंवा दोघांचे ओझे वाहताना तो प्रमाणाबाहेर तापतो. सुट्या सेलपासून स्थानिक पातळीवर जोडलेली स्वस्त बॅटरी घेताना ही गोष्ट विसरता कामा नये.

लिथियम-आयन सेल साधारणत: ८० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की त्यातील संरक्षक थर विघटित होऊ लागतो. १३० अंशांच्या आसपास दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळतो. त्यापुढे आतील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करते, त्या उष्णतेने क्रिया अधिक वेगवान होते आणि हे चक्र बाहेरून थांबवता येत नाही. या अवस्थेला 'थर्मल रनअवे' म्हणतात. एक सेल पेटला, की शेजारचा तापतो. सेलमधील अंतर, उष्णतारोधक पत्रे आणि वायू बाहेर सोडणारी झडप यांचे महत्त्व येथे ध्यानात येते.

दोन रसायने, दोन स्वभाव

दुचाकींमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या वापरल्या जातात. पहिला प्रकार निकेलयुक्त, ज्यात निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे 'एनएमसी' येते. दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे 'एलएफपी'. एनएमसी बॅटरी कमी वजनात अधिक ऊर्जा साठवते. गाडी हलकी राहते आणि आसनाखाली जागा उरते. मात्र तिच्यातील अनियंत्रित उष्णतावाढ तुलनेने कमी तापमानाला, साधारणत: २०० अंशांच्या आसपास, सुरू होते.

एलएफपी बॅटरी तेवढ्याच ऊर्जेसाठी काही किलो अधिक भरते आणि जागाही जास्त घेते. त्या बदल्यात ती अधिक तापमान सोसते आणि विघटन होताना फारसा प्राणवायू सोडत नाही. चार्जिंगची आवर्तनेही ती बहुधा जास्त पुरवते. एनएमसी सेलची आवर्तने साधारणत: हजाराच्या आगेमागे मोजली जातात, तर चांगला एलएफपी सेल दोन हजारांचा टप्पा ओलांडतो. तथापि, एलएफपी पेटतच नाही, हा विक्रेत्यांचा दावा अतिशयोक्त आहे. बिघडल्यास तिच्यातूनही ज्वलनशील वायू बाहेर पडतात.

तापमान कोण आवरते?

सेल बहुधा शून्य ते ४५ अंश या मर्यादेतच चार्ज करावेत, असे उत्पादक सांगतात. पिंपरी-चिंचवडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या घरात जातो. कारखान्याच्या उघड्या वाहनतळावर दिवसभर उन्हात उभी राहिलेली आणि नंतर मोशीच्या कोंडीतून घरी आलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावली, तर बॅटरी ही मर्यादा केव्हाच ओलांडून बसलेली असते. अशा वेळी ती अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ देणे, हा आयुष्य वाढवण्याचा बिनखर्चाचा उपाय आहे.

बॅटरीतील 'बीएमएस', म्हणजे बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, हे या सगळ्याचे नियंत्रण केंद्र. प्रत्येक सेलचा व्होल्टेज, एकूण प्रवाह आणि संवेदकांनी मोजलेले तापमान यांवर ती लक्ष ठेवते. तापमान वाढल्यास ती प्रथम मोटारीला मिळणारी शक्ती कमी करते आणि गरज पडल्यास प्रवाह तोडते. चढावर गाडी मंदावली म्हणून प्रणालीत 'जुगाड' करून घेणारे चालक स्वत:चे संरक्षणच काढून टाकत असतात.

बहुतेक दुचाकींमध्ये ॲल्युमिनियमच्या आवरणातून उष्णता बाहेर टाकली जाते. काही बॅटऱ्यांत वितळताना उष्णता शोषून घेणारा पदार्थ सेलभोवती भरलेला असतो. द्रवाने थंड करण्याची व्यवस्था मुख्यत: मोटारींमध्ये आढळते. आपल्या गाडीत नेमकी कोणती व्यवस्था आहे आणि तापमानाचे संवेदक किती आहेत, याचे उत्तर विक्रेत्याला देता आले पाहिजे.

क्षमता किती असावी?

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात. ४८ व्होल्ट आणि ३० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.४४ किलोवॅट-तास ऊर्जा मावते. निगडीहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्याचा प्रवास सुमारे ४५ किलोमीटर धरू. स्कूटरला किलोमीटरमागे साधारण ३० वॅट-तास लागतात, म्हणजे रोजची गरज १.३५ किलोवॅट-तास झाली. बॅटरी दररोज पूर्ण रिकामी न करता ८० टक्केच वापरावी आणि काही वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल, असे गृहीत धरले, तर किमान २.१ किलोवॅट-तासांची बॅटरी हवी. मागे सहप्रवासी असेल, तर अडीचच्या खाली जाऊ नये.

हा हिशेब केवळ सोयीचा नाही. अपुऱ्या क्षमतेच्या बॅटरीतील प्रत्येक सेलवर अधिक ताण पडतो, ती अधिक तापते आणि लवकर थकते. जाहिरातीतील किलोमीटर प्रमाणित चाचणीतील असतात. ओझे, चढ, कोंडी आणि वेग यांमुळे रस्त्यावर ते घटतात.

चार्जर : दुर्लक्षित जोडीदार

बाजारात '४८ व्होल्ट' या एकाच नावाने वेगवेगळ्या बॅटऱ्या विकल्या जातात. तेरा सेल ओळीने जोडलेली एनएमसी बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते. सोळा सेलची एलएफपी बॅटरी भरायला ५८.४ व्होल्ट लागतात. दोन्हींच्या चार्जरची पिन एकसारखी असू शकते. दुसरीचा चार्जर पहिलीला लावल्यास प्रत्येक सेलला ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट मिळू पाहतात आणि अपघात टाळण्याची सारी जबाबदारी एकट्या बीएमएसवर येऊन पडते. म्हणून चार्जर हरवल्यास तो उत्पादकाकडूनच घ्यावा. शेजाऱ्याचा चार्जर 'तात्पुरता' वापरण्याचा मोह टाळावा. अर्थिंग असलेला योग्य क्षमतेचा सॉकेट असावा आणि एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये.

स्थिर की काढता येणारी?

ज्या सोसायटीत वाहनतळावर स्वतंत्र मीटर आणि सॉकेट मिळतो, तेथे गाडीत कायम बसवलेली बॅटरी अधिक सोयीची आणि सुरक्षित. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला मात्र काढून घरात नेता येणारी बॅटरीच परवडते. तिचा धोका जागेच्या निवडीने कमी करता येतो. बाहेर पडण्याच्या वाटेवर, जिन्याखाली, गॅस सिलिंडरजवळ किंवा अंथरुणाशेजारी बॅटरी चार्ज करू नये. सर्व जण झोपलेले असताना रात्रभर ती लावून ठेवू नये. खाली पडलेली, फुगलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी तपासणीशिवाय पुन्हा चार्ज करू नये. पवना आणि मुळेच्या काठावरील वाहनतळांत पावसाळ्यात पाणी शिरते, तेथील रहिवाशांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

- बॅटरीला सुधारित 'एआयएस-१५६' नुसार मान्यता आहे का? प्रमाणपत्र पाहावयास मिळेल का?
- सेल कोणत्या रसायनाचे, कोणत्या उत्पादकाचे आणि कधी तयार झालेले आहेत?
- आवरण 'आयपी-६७' दर्जाचे आहे का? याचा अर्थ धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग.
- हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची? क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल?
- हमी संपल्यावर नव्या बॅटरीची किंमत काय आणि दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे?

ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंत मोटारीच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. या सवलतीचा आधार घेऊन अधिक वेगाची, चाचणी न झालेली वाहनेही खपवली जातात. 'नोंदणी नको, परवाना नको' असे सांगणाऱ्याकडून गाडीच्या मान्यतेचा कागद आधी मागावा.

बिघाड आणि विल्हेवाट

बॅटरीतून धूर, फुसफुस आवाज किंवा अनोळखी गोडसर वास येऊ लागला, तर ती उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. धोका नसेल तरच मुख्य वीजप्रवाह बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. बाहेर पडणारा वायू विषारी असतो. अशी आग विझल्यासारखी दिसूनही पुन्हा भडकू शकते. ती थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि ते काम जवानांवर सोपवणेच इष्ट.

थकलेली बॅटरी भंगारवाल्याला विकणे हेही धोक्याचे आहे. ती फोडताना आग लागू शकते आणि तिच्यातील बरे सेल पुन्हा कुणाच्या तरी स्वस्त बॅटरीत बसू शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुनी बॅटरी परत कुठे द्यायची आणि तिच्या बदल्यात नव्या बॅटरीवर काही सूट मिळते का, हे गाडी घेतानाच विचारून पावतीवर लिहून घ्यावे.