नॅसमधील हार्ड डिस्कचा बिघाड
घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रातील, म्हणजेच नॅसमधील, डिस्क निकामी होणे. आदिलाबादसारख्या रणरणत्या उन्हाळ्याच्या जिल्ह्यात दोष सहसा उष्णतेला दिला जातो. गूगलच्या २००७ मधील अभ्यासात मात्र, जुन्या डिस्क व अतिउच्च तापमान सोडल्यास, उष्णता आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेहून क्षीण आढळला. उलट पहिली स्कॅन-त्रुटी आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणून आधी डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या, म्हणजे ‘स्मार्ट’, नोंदीतील बदललेल्या व प्रलंबित सेक्टरांचे आकडे पाहावेत. केबल आणि अडॅप्टरही तपासावेत. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड-५ रचनेत नवी डिस्क बसवण्याआधी बॅकअप घ्यावा, कारण पुनर्बांधणीच्या काळात दुसरी डिस्क गेली की सगळाच साठा हातचा जातो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. टकटक वाजणारी डिस्क पुन्हापुन्हा चालू करून पाहू नये.