घर्षण: उत्तर बरोबर, कारण चूक

वीट टेबलावर आडवी ठेवून ओढा किंवा अरुंद कडेवर उभी करून ओढा, जोर जवळजवळ तेवढाच लागतो. "घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं" हे आपण सगळ्यांनीच घोकलं, मार्क मिळवले आणि पुढे गेलो. पण खरं सांगा, पटतं का हे? जास्त जागा घासली तर जास्त घर्षण, असंच कुणालाही वाटेल ना!

पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या मंडळींनाही तसंच वाटलं. १६९९ मधे गियोम आमोंताँने तिथे सांगितलं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, क्षेत्रफळाचा संबंध नाही. विश्वास बसेना, म्हणून ला हीर नावाच्या सभासदाने प्रयोग करून पाहिले. आमोंताँ बरोबर निघाला. (लिओनार्दो दा विंचीने हेच दोनशे वर्षं आधी वहीत लिहून ठेवलं होतं, पण छापलं नाही. कोड स्वतःच्याच मशीनवर ठेवणारे तेव्हाही होते :-))

नियम मिळाला, पण कारण? आमोंताँच्या मते पृष्ठभाग खडबडीत असतात आणि एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या उंचवट्यांवर चढवायला जोर लागतो. ऐकायला छान. पण १८०४ मधे स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने नेमकी मेख मारली. चढल्यावर उतरायचंही असतं की! खंडाळ्याचा घाट चढताना खर्चलेली शक्ती उतरताना परत मिळायला हवी. मग तळहात चोळल्यावर येणारी ऊब कुठून येते?

खरं कारण तोवर समोर येऊन गेलं होतं. १७२० च्या दशकात लंडनमधे देसाग्युलिए यांनी शिशाच्या दोन गोळ्यांचे काप काढले आणि ताज्या बाजू पिळून एकमेकींवर दाबल्या. गोळे असे चिकटले की खाली वजनं टांगली तरी सुटेनात.

मला हळहळ वाटते ती कुलोंबबद्दल. हो, विद्युतभारांच्या नियमाचा तोच. पेशाने सैन्यातला इंजिनिअर. रोशफोरच्या जहाजांच्या गोदीत त्याने लाकडं, दोर, धातू यांवर ढीगभर प्रयोग केले आणि १७८१ मधे अकादमीचं बक्षीस मिळवलं. चिकटण्याचा विचार त्याने केला होता. पण चिकटण्यामुळे घर्षण होत असेल तर क्षेत्रफळ दुप्पट केल्यावर ते दुप्पट व्हायला हवं. तसं होत नाही, सबब चिकटण्याचा वाटा नगण्य. तर्कात काही खोट नाही हो! घोळ होता तो 'क्षेत्रफळ' या व्हेरिएबलमधे.

तो घोळ सुटायला १९३९ उजाडलं. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी टेकलेल्या धातूंमधून वीज सोडून पाहिली, तर खरोखर टेकलेली जागा दिसणाऱ्या जागेच्या तुलनेत अगदीच किरकोळ निघाली. सह्याद्री उलटा करून सह्याद्रीवर ठेवला तर काही सुळकेच टेकतील, तसं. वजन वाढवलं की सुळके चेपतात आणि टेकलेली जागा वाढते. वीट आडवी असली की टेकू जास्त, पण प्रत्येकावर भार कमी. कडेवर उभी असली की टेकू कमी, भार जास्त. बेरीज तीच! या टेकूंवर दोन्ही पृष्ठभाग खरोखर जोडले जातात, आणि सरकवताना ते जोड तोडावे लागतात. ऊब त्यातूनच येते. म्हणजे घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून असतंच, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हे.

गंमत म्हणजे याचा धागा कुलोंबच्याच आकड्यांत होता. लाकडावर लाकूड जितका वेळ पडून राहील, तितका ते हलवायला जास्त जोर लागतो, हे त्याने मोजलं होतं. १९९४ मधे डीटरिक आणि किलगोर या अमेरिकन भूकंप-अभ्यासकांनी काच आणि ॲक्रिलिकसारखे पारदर्शक तुकडे एकमेकांवर दाबून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. नुसतं पडून राहिल्यावरही ते टेकू हळूहळू पसरत होते.