पॅचवर्क अभ्रा

पॅचवर्क अभ्रा : कापडाचे उरलेले तुकडे कडेला कड जोडून शिवलेला उशीचा अभ्रा. शिंप्याकडची कतरण, विरलेल्या सदऱ्याची पाठ, जुन्या सुती साडीचा धड भाग हे त्याचे नेहमीचे साहित्य. गोधडीशी नाते जवळचे, पण बांधणी वेगळी. गोधडीत जुन्या लुगड्यांच्या थरांवर ठिगळे ठेवून सगळे एकत्र धावदोऱ्याने शिवतात. एखादे ठिगळ तिरपे बसले तरी खपून जाते. पॅचवर्कमध्ये तुकड्याखाली थर नसतो, म्हणून मापातली चूक लपत नाही.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची चाल जुनी आहे. मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धाचा शिष्य आनंद याने भिक्षूंचे चीवर, म्हणजे तुकडे जोडलेले वस्त्र, बेतले, अशी कथा विनयपिटकातील महावग्गात येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंडी ही तुकड्यांची गोधडी शिवतात. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यामार्गे आले. कवंडीची शिलाई कडेपासून सुरू होऊन मध्याकडे सरकते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या.

नवशिक्याने चौकोनांपासून सुरुवात करावी. 16 इंची अभ्र्याच्या दर्शनी भागाला साडेचार इंचांचे 16 चौकोन लागतात. प्रत्येक कडेला पाव इंच, म्हणजे दोन सूत, शिलाईत जातो. हे दोन सूत काटेकोर सांभाळावेत. शिलाईत जादा गेलेला एक सूत शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड खातो. एका ओळीत तीन जोड असल्याने ती ओळ पाऊण इंच आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. ओळी जोडण्यापूर्वी एका ओळीच्या शिवणी डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे मोडून इस्त्री करावी, म्हणजे जाड शिवणी एकमेकींवर चढत नाहीत. इस्त्री दाबून उचलावी; घासत नेली तर चौकोन तिरके ताणले जातात.

रंगसंगतीची चर्चा फार होते. खरे तर वजन जुळणे अधिक महत्त्वाचे. जीनशेजारी मलमल जोडली तर मलमल शिवणीपाशी फाटते. होजिअरी ताणते, सैल विणीचे रेशीम उसवते. अशा तुकड्यांना मागून अस्तर लागते. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे आणि गडद रंगाचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून रंग जातो का ते पाहावे.

पाठीला चेन लावण्यापेक्षा दोन पल्ले एकमेकांवर चढवणे सोपे. साडेसोळा बाय साडेअकरा इंचांचे दोन तुकडे घेऊन प्रत्येकाची एक लांब कड एक इंच दुमडून शिवली की मध्ये साडेचार इंचांची चढण मिळते. सुलट बाजू आत ठेवून चारी कडा शिवाव्यात, कोपरे तिरपे छाटावेत, आतल्या कडांना इंटरलॉक करून घ्यावा. आतली खोळ अभ्र्याहून इंचभर मोठी ठेवली तर उशी भरीव दिसते. खोळीत सावरीचा कापूस भरायचा असेल तर खोळीचे कापड घट्ट विणीचेच हवे, कारण त्याचे निसरडे तंतू विणीतून बाहेर येतात.