काटा पास, लिव्हर नापास

मी बोईसरचा. बाबा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला. अंगाने काटकुळे, दारूचा थेंब नाही. दरवर्षी चेकअपला उंची, वजन, बीएमआय 22, ‘फिट’. मग भलत्याच कारणाने सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात आलं, फॅटी लिव्हर.

बारीक माणसाला कसं काय? तर बीएमआयचं सूत्र 1830च्या दशकात बेल्जियमच्या केटलेने काढलं, युरोपियन माणसं मोजून. 1980 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविगने दारूशिवाय होणाऱ्या लिव्हरच्या सुजेला नाव दिलं. त्याचे 20 रुग्ण, बहुतेक लठ्ठ. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर जाडाच माणूस बसला.

मग 2004. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी युडकिनसोबतचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2! (कसला भारी डेटा पॉइंट, राव.) आपली चरबी पोटात लपते, काट्याला दिसत नाही, टेपला दिसते. म्हणून 2009 मध्ये भारतीय डॉक्टरांनी कंबरेची हद्द ठरवली: पुरुष 90 सेंमी, बाई 80. 2021 मध्ये केंद्राने फॅटी लिव्हर राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं.

आमच्याकडे वारली पाड्यातला पोरगा, यूपीचा वेल्डर, माझे बाबा, सगळे एकाच काट्यावर चढतात. परवा आईच्या शिलाईच्या टेपने मी बाबांची कंबर मोजली. 93.