जुन्या रिव्हॉल्व्हरांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या कानांना पुण्यप्रद वाटतो. जुन्या ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरांचा संग्रह करणाऱ्या जाणत्या गृहस्थास मात्र तो ऐकतांच धडकी भरते, व ती अनाठायीं नाहीं.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊं. रॉबर्ट अ‍ॅडॅम्स याचें रिव्हॉल्व्हर लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनांत मांडलें होतें. तें केवळ चाप ओढूनच उडे. बोमाँट नामक लेफ्टनंटानें घोडा अंगठ्यानेंही चढवितां येईल अशी सुधारणा केली, आणि १८५६ सालीं तें सैन्यांत आलें. पुढें १८८७ सालीं बर्मिंगहॅमच्या वेब्लीचें रिव्हॉल्व्हर स्वीकारलें गेलें. त्याची करामत पाहण्याजोगी आहे. अंगठ्यानें खिटी दाबून नळी खालीं झुकविली कीं, चक्रांतील सहाही रिकामीं काडतुसें एकदम बाहेर फेंकलीं जातात. याच घराण्यांतील १९१५ सालचा सहावा नमुना, सहा इंच नळीचा व किलोहून अधिक वजनाचा, पहिल्या महायुद्धाच्या चिखलांत अधिकाऱ्यांच्या कमरेस होता.

अशा हत्याराचा इतिहास त्याच्या पोलादावरच उमटलेला असतो. बाणाचा छाप म्हणजे सरकारी मालमत्ता; दोन बाण टोंकाला टोंक लावून असतील, तर तें नोकरींतून मुक्त होऊन विकलें गेलें. १८१३ सालीं स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची मुद्रा, घडणीचें साल, अनुक्रमांक, क्वचित् पलटणीचीं अक्षरें, हें सर्व ज्यास वाचतां येतें त्यास निराळ्या बखरीची गरज उरत नाहीं.

आतां जीर्णोद्धारक काय करतो? गंज घालवितो, तेल देतो, मोडकी कमान बदलतो. इथपर्यंत कोणी नांवें ठेवणार नाहीं. परंतु मग तो चकाकी देणाऱ्या फिरत्या चाकावर सांगाडा धरतो. कडा गोल होतात, अक्षरें पुसट होतात, आणि वर नवा निळा-काळा रंग चढविला कीं गिऱ्हाईक खूष! आपल्याकडे शिवराई चिंचेनें घासून लखलखीत करणारे हौशी आहेत. त्यांतलाच हा प्रकार. त्याहून वाईट हाल अमेरिकेंत गेलेल्या अनेक वेब्लींचे झाले. तेथील काडतुसें बसावीं म्हणून त्यांच्या चक्राची मागील बाजू तासून टाकली गेली. अशांना कोणी दुसऱ्या वेब्लीचें अखंड चक्र आणून बसवितो. तेव्हां रूप परत येतें, पण चक्रावरचा व सांगाड्यावरचा अंक जुळत नाहीं.

हा वाद केवळ शौकिनांचा राहिलेला नाहीं. १९९६ सालीं स्कॉटलंडांत डनब्लेन येथील शाळेंत १६ मुलें व त्यांची शिक्षिका गोळीबारांत मारलीं गेलीं. त्यानंतर १९९७ च्या कायद्यांनीं ग्रेट ब्रिटनमध्यें खासगी पिस्तुलें बहुतेक बंदच झालीं, आणि तें योग्यच झालें असें माझें मत आहे. १ जानेवारी १९१९ पूर्वीं बनलेल्या कांहीं ठराविक प्रकारांस मात्र संग्रहाचा भाग म्हणून परवान्यावर ठेवण्याची मुभा राहिली. म्हणजे १९१८ आणि १९१९ या दोन सालांमध्यें आतां कायद्याची भिंत उभी आहे, आणि कोणतें हत्यार तिच्या कोणत्या बाजूचें हें सांगणारा चार आंकड्यांचा छाप अगदीं उथळ असतो. चकाकीच्या चाकाला तो पुसून टाकावयास फार वेळ लागत नाहीं.