जोडलेले कागद, अखंड चित्र

मुद्रणकलेचा इतिहास सांगताना खिळे, शाई आणि यंत्र यांचा उल्लेख अगत्याने होतो. कागदाच्या आकाराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः छापलेल्या चित्राने केवढे व्हावे, हे शतकानुशतके कागदानेच ठरविले. हातकागदाच्या काळात कारागीर लगद्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवी, दोन्ही हातांनी ती वर उचली आणि हलवून पाणी निथळू देई. लगद्याने जड झालेली चौकट माणसाला जेवढी पेलेल, तेवढाच कागद निघे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या शहरात कागदाची ठरीव मापे एका शिळेवर कोरून ठेवली होती. त्यांतील सर्वांत मोठा ‘इंपीरियल’ कागद सुमारे ५० सेंटिमीटर रुंद आणि ७४ सेंटिमीटर लांब होता. ग्रंथाच्या पानाला हे माप भरपूर. राजवाड्याच्या भिंतीपुढे मात्र तो एक रुमालच.

चित्रकाराला ही अडचण नव्हती. त्याला भिंतच रंगविता येई, किंवा कापडाचे पट्टे शिवून हवा तेवढा पडदा करता येई. मुद्रकापुढे मात्र कागदाची मर्यादा होती, ठशाच्या लाकडाची होती आणि दाबयंत्राच्या पाट्याचीही होती. या तिन्हींवर त्याने एकच तोड काढली : मोठे चित्र लहान भागांत विभागावे, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे छापावा आणि सर्व कागद कडेला कड भिडवून जोडावे. ऐकावयास ही युक्ती अगदी साधी वाटते. परंतु सम्राटाच्या कमानीपासून आजच्या घरगुती प्रिंटरपर्यंत पाचशे वर्षे मोठ्या चित्राचा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

या युक्तीचा एक भव्य नमुना व्हेनिस शहरात इ. स. १५०० मध्ये प्रसिद्ध झाला. याकोपो दे बार्बारी या कलावंताने त्या जलनगरीचे असे दृश्य रचले, की पाहणारा जणू आकाशातून खाली पाहत आहे. कालवे, मनोरे, गल्ल्या आणि बंदरातील गलबते त्यात बारकाईने दाखविली आहेत. हे चित्र सहा मोठ्या लाकडी ठशांवर कोरले होते. सहा कागद जोडले म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर लांबीचे व्हेनिस भिंतीवर उभे राही. न्यूरेंबर्गचा व्यापारी आंटोन कोल्ब याने त्याचे प्रकाशन केले. व्हेनिसच्या शासनाकडे सवलत मागताना त्याने जी कारणे दिली, त्यांत कागदाच्या आकाराचा मुद्दा होता : एवढा मोठा कागद पूर्वी कधी झाला नव्हता, असे त्याचे म्हणणे. म्हणजे सहा तुकडे करूनही प्रत्येक तुकडा त्या काळच्या कारागिरीची परीक्षा पाहणारा होता. ते सहाही ठसे व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात जतन झालेले आहेत.

सात वर्षांनी, १५०७ साली, लोरेन प्रांतातील साँ-दिए या लहानशा गावी मार्टिन वाल्डझेम्युलर याने जगाचा नकाशा सिद्ध केला. तो बारा कागदांवर छापलेला होता. चार-चार कागदांच्या तीन ओळी जोडल्या, की सव्वा मीटरहून अधिक उंच आणि सव्वादोन मीटरहून अधिक लांब असा पट तयार होई. याच नकाशावर नव्याने कळलेल्या भूखंडाला ‘अमेरिका’ हे नाव प्रथम छापले गेले. त्याच्या एक हजार प्रती निघाल्याचे वाल्डझेम्युलरने पुढे नमूद केले. या हजारांतील आज एकच शिल्लक आहे, आणि ती का शिल्लक राहिली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भिंतीवर चिकटविलेले नकाशे धुराने, ओलीने आणि उन्हाने झिजतात. नवा नकाशा आला म्हणजे जुना फाडून टाकला जातो. न्यूरेंबर्गचा गणिती योहानेस श्योनर याच्या संग्रहातील प्रत मात्र कधी भिंतीवर गेलीच नाही. तिचे सुटे कागद एका बाडात बांधून ठेवलेले होते. १९०१ साली जर्मनीतील वोल्फेग येथील गढीत योजेफ फिशर या अभ्यासकाला ते बाड सापडले. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही प्रत एक कोटी डॉलर मोजून घेतली. तो व्यवहार २००३ साली पूर्ण झाला. ज्यांनी कागद जोडले, त्यांनी नकाशा उपभोगला. ज्याने जोडले नाहीत, त्याच्यामुळे तो जगाला लाभला.

याच सुमारास पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन आपल्या कीर्तीचे स्मारक उभारण्याच्या विचारात होता. प्राचीन रोमच्या सम्राटांनी दगडी विजयकमानी बांधल्या. मॅक्सिमिलियनने आपली कमान कागदाची केली. खजिन्याची स्थिती पाहता ते शहाणपणाचेही होते. आल्ब्रेख्त ड्यूरर आणि त्याचे सहकारी यांनी चित्रे रचली, हिएरोनिमस आंड्रेए याने ठसे कोरविले. एकूण १९५ ठसे आणि ३६ मोठे कागद यांतून सुमारे साडेतीन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद अशी कमान साकारली. तिच्यावर १५१५ हे वर्ष कोरलेले असले, तरी पहिली छपाई १५१७-१८ मध्ये झाली आणि त्या वेळी सुमारे सातशे संच निघाले. दगडी कमान एकाच शहरात उभी राहते, आणि तिला पाहावयास लोकांना तेथे जावे लागते. कागदी कमान गुंडाळून पाठविता येते, आणि राजवाड्यांत वा नगरसभांच्या दालनांत एकाच वेळी अनेक ठिकाणी उभी राहते. १५१९ च्या जानेवारीत सम्राट वारला. पण कागदाच्या तुकड्यांनी सत्तेला केवढा मोठा चेहरा देता येतो, हे त्याने दाखवून दिले होते.

हे सर्व खरे असले, तरी या विद्येचे मर्म चित्रात नसून सांध्यात आहे. दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे रेषा रेषेला मिळालीच पाहिजे. केसभर फरक पडला तरी डोळा तेथेच अडखळतो. त्यातच कागद ही सजीवासारखी वस्तू. तो दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक ताणला जातो. या शास्त्राचा सर्वांत काटेकोर अभ्यास नकाशे करणाऱ्यांना करावा लागला, आणि त्याचे मोठे उदाहरण भारतातच आहे.

१७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने हा सारा देश कागदांच्या चौकटीत बसविला. त्याच्या पारंपरिक पद्धतीत चार अंश लांबीरुंदीचा एक चौकोन घेऊन त्याला क्रमांक दिलेला असे. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना रोमन लिपीतील ‘ए’ पासून ‘पी’ पर्यंत अक्षरे दिली जात, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे करून त्यांना १ ते १६ असे आकडे मिळत. या गणनेत पुणे शहर ४७ क्रमांकाच्या चौकोनातील ‘एफ’ भागात येते, आणि मुंबई त्याच चौकोनाच्या ‘ए’ व ‘बी’ भागांत विभागली जाते. प्रत्येक कागदाच्या समासात शेजारच्या कागदांचे क्रमांक छापलेले असत, म्हणजे कोणता तुकडा कोठे जोडावयाचा याविषयी संशय उरत नसे. नकाशाचे प्रमाण आकड्यांबरोबरच मोजपट्टीच्या रूपानेही छापण्यात मोठी दूरदृष्टी आहे : कागद आकसला, तर पट्टीही त्याच्याबरोबर आकसते आणि मापन फारसे चुकत नाही. एकच कसोटी मात्र कठीण होती. शेजारच्या दोन कागदांची मोजणी वेगवेगळ्या वर्षी झालेली असली, तर एकावरचा रस्ता दुसऱ्याच्या कडेशी येऊन एकाएकी नाहीसा होण्याचा संभव असे. असा सांधा जुळविणे म्हणजे दोन काळ जुळविणेच होय.

एकोणिसाव्या शतकात शिळाछापाने मोठ्या चित्राला भर रस्त्यात आणले. पॅरिसमध्ये झ्यूल शेरे याने १८६६ पासून रंगीत जाहिराती शिळेवर छापावयास प्रारंभ केला. शिळाही किती मोठी असणार? ती उचलावयास माणसेच लागत. तेव्हा येथेही मोठी जाहिरात अनेक कागदांवर छापून भिंतीवर जोडण्याचा मार्ग रूढ झाला, आणि चिकटविणाऱ्याच्या हाताला किंमत आली. ओल्या खळीने कागद ताणला जातो हे जाणून तो सांधा जुळवी, आणि वरचा कागद खालच्यावर थोडा चढवी. कौलारू छपराप्रमाणे पावसाचे पाणी मग सांध्यात न शिरता वरून ओघळून जाई. पुढे चित्रपटांच्या जाहिरातींचे मापच ‘शीट’ किती यावर सांगितले जाऊ लागले. महाराष्ट्रात या परंपरेच्या आरंभी कोल्हापूरचे बाबूराव पेंटर उभे आहेत. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटाचे भित्तिपत्रक हे उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांतील सर्वांत जुने चित्रमय पत्रक मानले जाते. वाल्डझेम्युलरच्या नकाशाचे जे झाले तेच या पत्रकांचेही झाले : भिंतीवर गेली ती गेली.

येथवर ही विद्या छापखान्याच्या मालकीची होती. ती घरात आली ती १९८० नंतरच्या दशकात. १९८४ साली ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने ‘द प्रिंट शॉप’ नावाची संगणकप्रणाली बाजारात आणली. त्या वेळच्या ठिपके उमटविणाऱ्या प्रिंटरला घड्यांचा सलग कागद लागे. त्यावर अक्षरे आडवी छापून लांबच लांब फलक काढण्याची सोय या प्रणालीत होती. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ॲपल कंपनीचा लेसर प्रिंटर आला, आणि त्याबरोबर ॲडोबी कंपनीची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पृष्ठवर्णनाची भाषा आली. या भाषेत चित्र गणिताने मांडलेले असते. त्यामुळे त्याचा हवा तो भाग खिडकीसमोर सरकवावा तसा कागदावर आणता येतो. व्हेनिसच्या कोरक्याला जे काम तीन वर्षे पुरले, ते काम आता यंत्र क्षणात करते. आजच्या प्रचलित छपाई-प्रणालींत ‘पोस्टर’ असा पर्यायच असतो. किती पट मोठे करावे, कडा एकमेकींवर किती चढवाव्या, कापण्याच्या खुणा छापाव्या की नाहीत, एवढेच सांगावे लागते.

गणित मात्र माणसालाच करावे लागते. १९२२ साली जर्मनीत ठरविलेल्या कागदाच्या मापांनुसार ‘ए-शून्य’ हा एक चौरस मीटरचा कागद, आणि ‘ए-चार’ बरोबर त्याचा सोळावा हिस्सा. म्हणून एक ‘ए-शून्य’ चित्र सोळा कागदांत बसेल, असे कोणालाही वाटेल. ते बसत नाही. सामान्य प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापीत नाही. प्रत्येक बाजूस पाच मिलिमीटर कोरे राहतात आणि सांध्यासाठी दहा मिलिमीटर एकमेकांवर चढतात असे धरले, तर कागद उभे लावल्यास पंचवीस लागतात. तेच आडवे लावले, तर एकवीस पुरतात. छापल्यावर प्रत्येक सांध्याची एक कोरी कड कापावी, दुसरी तशीच ठेवून तिच्यावर खळ लावावी, आणि मधल्या कागदापासून आरंभ करून बाहेर जावे, म्हणजे चूक एका टोकाला साठत नाही. चित्र फार सूक्ष्म असण्याचेही कारण नाही. हातातील पान हातभरावरून वाचले जाते, भिंतीवरील चित्र तीन मीटरवरून. त्या अंतरावर सुमारे एक मिलिमीटरहून लहान ठिपका डोळ्याला वेगळा ओळखताच येत नाही. म्हणून साधेसुधे छायाचित्र मोठ्या ठिपक्यांत फोडून वाढविले, तरी दुरून ते अखंड भासते.

सम्राटाची कमान तयार व्हावयास कलावंतांचा ताफा, कोरक्यांची कर्मशाळा आणि राजाश्रय लागला. आज एखाद्या खेड्यातील शाळेला आपल्या तालुक्याचा नकाशा भिंतीभर लावावयाचा असला, तर वीस-पंचवीस कागद, कात्री, खळ आणि एक दुपार पुरते. भव्यता ही सत्तेची मिरासदारी होती. ती सांध्यांच्या वाटेने सामान्यांच्या हाती आली. शिवाय ते कागद विद्यार्थ्यांनीच जोडले, तर नदी एका कागदावरून दुसऱ्यावर कोठे जाते हे त्यांच्या बोटांना कळते. विकत आणलेल्या अखंड नकाशाला हे शिकविता येत नाही. मात्र श्योनरच्या बाडाचा धडाही विसरता कामा नये. एक संच भिंतीवर लावावा, आणि त्याच वेळी दुसरा न जोडता, क्रमांक घालून, कपाटात ठेवावा. भिंतीवरचा आजच्या मुलांसाठी, आणि कपाटातला अजून न जन्मलेल्यांसाठी.